गुंड्याभाऊंचा सोटा आणि आम्ही दिल्लीकर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी गणेशोत्सवात, कोपर्निकस मार्गावरील महाराष्ट्र सदनाच्या वास्तूत झालेल्या स्मरणसभेतील भाषण)



श्रावणाचे शेवटचे दिवस होते. गणपती सहा दिवसांवर आले होते, मखराचे काम अर्धे व्हावयाचे होते, आणि उकडीसाठी तांदळाची पिठी मुंबईहून कोण आणणार यावर नेहमीचा वाद चालू होता. अशा वेळी, २१ ऑगस्ट २०२५ रोजी, आमच्यापैकी एकाच्या दूरध्वनीवर चार शब्दांचा निरोप आला : 'आपले गुंड्याभाऊ गेले हो.' निरोपात बाळ कर्वे हे नाव नव्हते. तरीही तो वाचून दाखवल्यावर कोणीही 'कोण गुंड्याभाऊ?' असे विचारले नाही. पिठीचा वाद तेवढ्यापुरता थांबला. एका वहिनींनी हातातला कागद खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, 'शेवटी आपण त्यांना पाहिलेच नाही.'

वहिनींचे हे वाक्य आम्हांला त्या रात्री झोपू देईना. कारण ते अक्षरशः खरे होते. मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव आणि गुंड्याभाऊ' ही मालिका गाजत होती तेव्हा दिल्लीतल्या आमच्यापैकी बहुतेकांना ती पाहावयास मिळालीच नाही. ज्यांना मिळाली त्यांना सुटीत कधीतरी तीन-चार भाग, तेही पाहुणे म्हणून, दुसऱ्याच्या घरी, दाटीवाटीत बसून. मग ज्या नटाला आम्ही धड पाहिले नाही तो आमचा कसा झाला? वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी तो गेला, तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखे आम्हांला का वाटले? आज व्यासपीठावरून बोलावयास सांगितल्यावर आम्ही याच प्रश्नाचा छडा लावावयाचे ठरवले आहे. विद्वत्ता आमच्यापाशी नाही. पन्नास वर्षांच्या आठवणी तेवढ्या आहेत.

आरंभ या रस्त्यापासूनच करतो, कारण या कथेतील तीन पात्रे या एकाच रस्त्यावर राहतात. आपण आज ज्या वास्तूत बसलो आहोत ते महाराष्ट्र सदन कोपर्निकस मार्गावर आहे. जुन्या दिल्लीकरांना हा लिटन रोड म्हणून आठवत असेल. इंडिया गेटकडून येताना या मार्गाच्या तोंडाशीच बडोदा हाऊस लागते. ते ल्यूटेन्सने गायकवाड महाराजांसाठी बांधले. आता तेथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे, आणि आपल्या मंडळातल्या कित्येकांनी तेथे फायली हलवण्यात उभा जन्म घालवला आहे. आणि पुढे मंडी हाऊसच्या चौकाशी दूरदर्शन भवन उभे आहे. बडोदा, महाराष्ट्र आणि दूरदर्शन : सकाळी फिरावयास निघालेला माणूस घाम येण्यापूर्वी तिन्ही ठिकाणांवरून जाऊन येतो.

बडोद्याचे प्रयोजन असे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे जनक चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) मूळचे पुण्याचे. परंतु त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग बडोद्यास गेला. ते तेथे महाविद्यालयात पाली भाषा शिकवीत, आणि पुढे संस्थानचे दफ्तर त्यांच्याकडे आले. पाली ग्रंथ आणि संस्थानी कागदपत्रे यांच्या ढिगाऱ्यात बसून या गृहस्थाने पुण्यातल्या एका भित्र्या, भिडस्त, सदा गोंधळलेल्या कारकुनाचे चऱ्हाट वळले. 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२ साली निघाले, 'चिमणरावाचे चऱ्हाट' त्याच्या पुढल्या वर्षी. मराठी मध्यमवर्गाचे इतके नेमके घरगुती चित्र महाराष्ट्राबाहेर बसून काढले गेले, ही गोष्ट महाराष्ट्रातले समीक्षक फारशी मनावर घेत नाहीत. आम्ही घेतो. दूर बसलेल्या माणसाला घर जास्त स्पष्ट दिसते, असा आमचा अनुभव आहे. फोडणीचा वाससुद्धा जिन्यात उभे राहिले म्हणजे अधिक येतो.

चिमणराव कारकून, त्यांचे जनक दफ्तरदार, आणि त्यांच्या गुंड्याभाऊला ज्यांनी दूरचित्रवाणीवर देह दिला ते बाळ कर्वे मुंबई महानगरपालिकेचे नोकर. तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी ती नोकरी केली. म्हणजे दिवसा पालिका आणि संध्याकाळी तालीम. पार्ल्यात सुमंत वरणगावकर यांच्यासह त्यांनी 'किलबिल' हा मुलांचा रंगमंच चालवला. मुलांचे नाटक बसवणे म्हणजे काय हे ज्यांनी या मंडळात एकदा तरी बसवले आहे त्यांना सांगावयास नको. ऐन प्रवेशात राजाला शी लागते, प्रधान आईकडे पळतो, आणि शेवटी पडद्यामागे दिग्दर्शक तेवढा शिल्लक राहतो. हे सारे नोकरी सांभाळून, रविवार मोडून, पदरमोड करून. आमच्या मंडळाचे पहिले पंचवीस-तीस सभासद याच जातीचे होते. कोणी हिशेब खात्यात, कोणी रेल्वेत, कोणी संरक्षण मंत्रालयात. साडेपाच वाजता टेबलावरची फाईल बंद करावयाची, सहाची बस पकडावयाची आणि सातला कोणाच्या तरी सरकारी क्वार्टरच्या अंगणात 'एन्ट्री' घ्यावयाची. बाळ कर्वे मुंबईचे, आणि आम्ही इकडचे. परंतु त्यांची संध्याकाळ आणि आमची संध्याकाळ एकाच घड्याळावर चालत असे.

आता मालिकेविषयी. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढल्या वर्षापासून सिंहगडावरील प्रक्षेपणामुळे ते पुण्यातही दिसू लागले. त्या केंद्रावर सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात याकूब सईद आणि विजया जोगळेकर-धुमाळे यांच्या पुढाकाराने चिं. विं.च्या कथा छोट्या पडद्यावर आल्या. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. १९७९ साली याच जोडीचा चित्रपटही निघाला.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. वाचकांच्या डोळ्यांपुढे चिमणराव-गुंड्याभाऊ पूर्वीपासून उभे होते. शिवाय मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या बोलपटांतून दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी आमच्या वडीलधाऱ्यांच्या मनात कायमची जाऊन बसली होती. दामूअण्णांची तिरपी नजर ज्याने पाहिली तो दुसरा चिमणराव सहजी मान्य करावयाचा नाही. तरीही नव्या जोडीने दोन-चार आठवड्यांत घरे जिंकली, असे मुंबई-पुण्याहून येणारी पत्रे सांगत.

त्यात प्रभावळकरांचे कौतुक पुष्कळ झाले, आणि ते यथायोग्यच. परंतु आम्हांला गुंड्याभाऊविषयी थोडे अधिक बोलावयाचे आहे. आडनावाने दांडगे, देहाने धिप्पाड, हातात सोटा, आवाज खणखणीत. चिमणरावांच्या मनात शंका यावयाच्या आत हा कामाला लागलेला. गुंड्याभाऊ हसवावयास येतच नाही, हे लक्षात घ्यावयास हवे. तो मदत करावयास येतो. त्याचा हेतू निर्मळ असतो, श्रद्धा अढळ असते, आणि त्याच्या मदतीमुळेच साधा घोटाळा मोठा होतो. ही भूमिका करणाऱ्या नटाने 'मी विनोदी आहे' असे क्षणभर जरी दाखवले तरी सगळा डोलारा कोसळतो. चिमणरावांना डगमगावयास एक भिंत लागते, आणि ती भिंत हलून चालत नाही. हशा समोरचा घेऊन जातो. भिंतीचे काम उभे राहणे. पन्नाशीकडे झुकलेल्या बाळ कर्व्यांनी हे उभे राहणे पत्करले, आणि तेही त्या काळच्या स्टुडिओत, जेथे प्रवेश बराचसा नाटकासारखा सलगच करावा लागे व चुकले तर पुन्हा मुळापासून. विनोदी नटांमध्ये हा त्याग दुर्मिळ असतो. आमच्या हौशी रंगभूमीवर तर तो औषधालाही सापडत नाही. येथे प्रत्येकाला चिमणराव व्हावयाचे असते.

आम्हांला हे दिसत का नव्हते, ते तरुण मंडळींसाठी सांगणे भाग आहे, कारण आज खिशातल्या यंत्रावर जगातले सर्व काही दिसत असताना त्यांना ते खरे वाटत नाही. तेव्हा प्रत्येक केंद्राचे चित्र त्याच्या मनोऱ्याच्या टप्प्यापुरतेच पोहोचे. मुंबईचे मुंबईच्या परिसरात, दिल्लीचे दिल्लीच्या. यात कोणाचा दोष नव्हता, विद्या तेवढीच होती. दिल्लीला दूरचित्रवाणी आली १९५९ साली, मुंबईच्याही तेरा वर्षे आधी, आणि तिच्या आरंभीच्या निर्मात्यांत आपले पु. ल. देशपांडे होते, ही गोष्ट आम्ही शेजारच्या बंगाली कुटुंबास दरवर्षी एकदा ऐकवीत असू. परंतु दिल्लीच्या पडद्यावर मराठी शब्द ऐकू येणे म्हणजे पर्वणी. दूरदर्शनच्या कचेरीत काम करणारे आमचे एक सभासद म्हणत, 'मुंबई केंद्राच्या खर्चाचे कागद माझ्या टेबलावर येतात हो. चित्र तेवढे येत नाही.' गुंड्याभाऊंचा हिशेब दिल्लीला आणि गुंड्याभाऊ वरळीला, अशी आमची स्थिती.

मग उरली ती मे महिन्याची सुटी. पंजाब मेलने दादरला उतरावयाचे, तेथून पुणे. आजोळच्या वाड्यात एकाच घरी काळ्या-पांढऱ्या चित्राचा संच, आणि मालिकेच्या वेळी त्या घराचे दार उघडे टाकण्याची रीत. पुढे सतरंजीवर मुले, मागे पाटावर बायका, खिडकीच्या बाहेर उभे राहिलेले पुरुष. आम्हां दिल्लीकरांच्या मुलांना 'पाहुणे' म्हणून अगदी पुढे बसवीत. घरमालकांच्या आजी दर खेपेस विचारीत, 'तुमच्याकडे हे लागत नाही होय? मग तुम्ही संध्याकाळी करता तरी काय?' या प्रश्नाचे उत्तर आम्हांला कधी देता आले नाही.

जुलैत शाळा उघडण्यापूर्वी मुले दिल्लीला परतत, ती गुंड्याभाऊ घेऊन परतत. आणि येथून आमच्या मंडळाच्या इतिहासातले ते प्रकरण सुरू होते, जे यापूर्वीच्या कोणत्याही अहवालात नोंदलेले नाही.

साल १९७९. मंडळ चार वर्षांचे. गणेशोत्सवात चिं. विं.च्या कथेवरून अर्ध्या तासाचा प्रवेश करावयाचे ठरले. चिमणरावांसाठी पाच इच्छुक होते, गुंड्याभाऊसाठी एकही नाही. शेवटी आमच्या एका संस्थापक सभासदांवर ती भूमिका लादण्यात आली. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. त्यांचे नाव येथे घेत नाही, कारण हयातीत त्यांनी कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेवर आपले नाव छापू दिले नाही. काका केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. देह गुंड्याभाऊला शोभेसा, परंतु स्वभावाने चिमणरावाहून मऊ. त्यांनी मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता. सगळ्या तालमीत तो पाहिलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे पुण्याहून नुकतीच परतलेली एक दहा वर्षांची मुलगी. तिने चार भाग पाहिले होते. साहजिकच ती आमची दिग्दर्शिका झाली.

लक्ष्मीबाईनगरच्या एका क्वार्टरमध्ये तालमी होत. काकांनी तोंड उघडले की ही चिमुरडी त्यांना थांबवी : 'काका, असं नाही. ते आधी बघतात, मग बोलतात.' काका पुन्हा करीत. 'सोटा आपटायचा नाही. नुसता धरायचा. तो आहे म्हणून सगळे घाबरतात.' आठ दिवस हा पाठ चालला. कचेरीत ज्यांच्या सहीवाचून कागद पुढे सरकत नसे ते काका एका फ्रॉकवाल्या मुलीपुढे हात बांधून उभे राहत आणि म्हणत, 'पुन्हा सांग बेटा, मान किती वळवतात?' बाळ कर्व्यांनी वरळीच्या स्टुडिओत वळवलेली मान पुण्याच्या वाड्यातून, पंजाब मेलने, एका मुलीच्या डोळ्यांत बसून दिल्लीला आली होती. तिसऱ्या हाताने आलेल्या या गुंड्याभाऊत मूळचे किती उरले होते, देव जाणे.

सोटा मात्र कोठे मिळेना. अखेर कॉलनीच्या चौकीदाराची लाठी दोन तासांच्या बोलीवर मिळाली. तो पौडी गढवालचा सज्जन गृहस्थ होता. आपल्या लाठीची काळजी वाटून तो मांडवाच्या कडेला उभा राहिला. ऐन प्रवेशात काका आवेशाने वळले, लाठी कनातीत अडकली, आणि मांडवाची एक बाजू चिमणरावांच्या डोक्यावर आली. आमचे चिमणराव भूमिकेबाहेर जाऊन ओरडले. काका मात्र भूमिकेत राहिले. त्यांनी आधी कनातीकडे पाहिले, मग प्रेक्षकांकडे पाहिले, आणि पाठ्यात नसलेले एक वाक्य टाकले : 'चिमण, घाबरू नकोस, मी आहे.' मांडवात जो हशा उसळला तसा पुन्हा पन्नास वर्षांत ऐकलेला नाही. एक अक्षर मराठी न समजणारा चौकीदारही पोट धरून हसत होता. त्या रात्रीपासून काका आमचे गुंड्याभाऊ झाले. पुढे कोणाच्या घरी आजारपण असो, मुलीचे लग्न असो, रात्री-अपरात्री इस्पितळात रक्त द्यावयाचे असो, काका दारात उभे राहून तेच वाक्य म्हणत. मदतीने घोटाळा वाढल्याचे प्रसंगही होते, नाही असे नाही. लग्नाच्या दोन वऱ्हाडांना त्यांनी एकाच धर्मशाळेत उतरवल्याची हकिकत ठाऊक असलेले निदान दहा जण या सभागृहात आहेत.

यानंतर काळ बदलला. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षीच्या आशियाई खेळांच्या वेळी चित्राला रंग आला. आम्हांला वाटले, आता उपग्रहावरून मुंबईचे मराठी दिल्लीला येईल. घडले उलट, दिल्लीचे हिंदी मुंबईला गेले. मराठी आमच्या वाट्याला आले ते रविवार दुपारच्या प्रादेशिक चित्रपटांत, तेही आपली पाळी आल्यावर. तथापि १९८४ साली 'ये जो है जिंदगी' सुरू झाली आणि शफी इनामदार घरोघर पोहोचले. ते आपल्या दापोलीकडचे, पांगारीचे, आणि भक्ती बर्वे यांचे यजमान, हे शेजाऱ्यांना सांगताना आमची छाती फुगत असे. १९९६ च्या मार्चमध्ये ते अकाली गेले तेव्हा याच मंडळाने दोन मिनिटे उभे राहून त्यांना निरोप दिला होता. त्यांना आम्ही प्रत्यक्ष पडद्यावर, आठवड्यामागून आठवडे, पाहिले होते. असे असूनही मंडळातल्या पोरासोरांनी नक्कल करावयाची ठरवली की ती करीत गुंड्याभाऊंची. न पाहिलेल्याची!

बाळ कर्व्यांनी खूप काम केले. 'तांदूळ निवडता निवडता', 'मनोमनी', 'आई रिटायर होतेय', 'कुसुम मनोहर लेले' ही नाटके. 'जैत रे जैत', 'बन्या बापू' यांसारखे चित्रपट. उपग्रहावर मराठी वाहिन्या आल्यावर 'राधा ही बावरी', 'उंच माझा झोका' या मालिकांतून ते आम्हांलाही दिल्लीत दिसले. केस पांढरे, चेहरा शांत. घरात कोणीतरी ओरडे, 'अगं ये, गुंड्याभाऊ आले!' ते त्या वेळी कोणत्या भूमिकेत आहेत, काय बोलत आहेत, इकडे कोणाचे लक्ष नसे. एका भूमिकेच्या नावाने उभे आयुष्य ओळखले जाणे नटाला सुखाचे वाटते की जाचाचे, यावर पुष्कळ बोलले जाते. आम्हांला यात प्रेक्षकांचा थोडा आळस दिसतो. त्या आळसात आम्हीही होतो. सत्तरी-ऐंशीपर्यंत काम करीत राहिलेल्या नटाला आम्ही एका सोट्यापाशी उभे करून ठेवले.

आणि तो सोटाही आता किती उरला आहे? त्या काळची टेप महाग असे. जुने पुसून तिच्यावरच नवे मुद्रित करण्याची रीत जगभर होती. लंडनच्या बीबीसीसारख्या संस्थेनेही पीटर कुक आणि डडली मूर या विख्यात विनोदी जोडीचे बहुतेक कार्यक्रम असेच पुसले आणि मागाहून हळहळ केली. विनोद तर आधी पुसला जातो, कारण तो जपून ठेवण्याजोगा आहे असे त्या दिवशी कोणालाच वाटत नाही. 'चिमणराव-गुंड्याभाऊ'चे आज जे पाहावयास मिळते ते तुकड्यातुकड्यांनी, धूसर, मध्येच आवाज हरवलेले.

ते तुकडे आम्ही गेल्या आठवड्यात पाहिले. पाहिले ते काकूंच्या घरी. काकांना जाऊन सोळा वर्षे झाली. काकू चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि आज प्रकृतीमुळे येथे येऊ शकलेल्या नाहीत. त्यांच्या नातीने दूरध्वनी संचाला जोडून दिला. पडद्यावर बाळ कर्वे आले. खोलीत आम्ही सहा-सात जण. प्रथमच मूळ गुंड्याभाऊ समोर उभे होते, आणि खरे सांगावयाचे तर पहिली काही मिनिटे आमची निराशा झाली. आमच्या स्मरणातला गुंड्याभाऊ याहून मोठ्याने बोलत असे, याहून धसमुसळा होता, कनाती पाडीत असे. हा गृहस्थ तर किती मोजके करीत होता! काकू डोळे बारीक करून पाहत होत्या. मग म्हणाल्या, 'हे फार सावकाश आहेत गं. आमच्या ह्यांनी तर मांडव डोक्यावर घेतला होता.'

नातीने विचारले, 'आजी, सोटा म्हणजे काय?' तिला उत्तर देण्यात तो तुकडा संपला. काकू म्हणाल्या, 'पुन्हा लाव.' पुन्हा लावला. या वेळी कोणी बोलले नाही. चिमणराव काहीतरी काकुळतीने सांगत होते. गुंड्याभाऊंनी आधी त्यांच्याकडे पाहिले, आणि मग तोंड उघडले. काकूंनी आमच्या कार्याध्यक्षांच्या हातावर हात ठेवला. आमच्या कार्याध्यक्षा म्हणजेच ती १९७९ सालची दहा वर्षांची दिग्दर्शिका. 'बरोबर सांगितलं होतंस हो तू त्यांना,' काकू म्हणाल्या. 'मान तेवढी वळवायचे ते. पोळी वाढतानासुद्धा आधी बघायचे, मग "नको" म्हणायचे. मला वाटायचं, ही सवय यांना कुठून लागली?' आणि त्यांनी तो तुकडा तिसऱ्यांदा लावावयास सांगितला.

मित्रहो, बोलण्याची वेळ संपत आली आहे. कार्याध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे. आधी पाहिले आहे, आता बोलतील. यानंतर आपले दोन तरुण सभासद, दोघेही दिल्लीत जन्मलेले, चिं. विं.ची एक कथा वाचून दाखवणार आहेत. चिमणराव कोणी वाचावयाचे यावरून त्यांच्यात गेले चार दिवस तंटा होता, तो चिठ्ठ्या टाकून मिटवला आहे. ज्याच्या वाट्यास गुंड्याभाऊ आले तो थोडा नाराज आहे. त्याचे या सभेने भरघोस स्वागत करावे.

सोटा या खेपेसही बाजारात मिळाला नाही. आमच्या सोसायटीच्या रखवालदाराकडून लाठी मागून आणली आहे, आणि ती रात्री दहाच्या आत परत द्यावयाची आहे. तेव्हा वाचन वेळेवर सुरू करू या, आणि कनातींपासून जरा दूर बसा.